ट्रेलरचा विजेवरचा ब्रेक : कंट्रोलर निवडताना आधी काय पाहावे?

हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांमधून फिरताना लोखंड कापण्याचा, वेल्डिंगचा आणि पत्रा ठोकण्याचा आवाज दिवसभर कानी पडतो. कोणी ग्रील करतो, कोणी दुकानाचे शटर बसवतो, कोणी टेम्पोची बॉडी बांधतो. या कारागिरांकडे आता एक वेगळे काम येऊ लागले आहे. ते म्हणजे पिकअप किंवा ट्रकच्या मागे जोडून ओढून नेण्याचा ट्रेलर. कोणाला चाकांवरचे खाद्यपदार्थांचे दुकान हवे असते, कोणाला मंडपाच्या कामासाठी जनरेटर न्यायचा असतो. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून राहण्याची सोय असलेल्या गाड्यांबद्दलही विचारणा होते.

अशाच एका गाळ्यात आम्ही बसलो असताना एक केटरिंगवाले आपला ट्रेलर घेऊन आले. ट्रेलरला परदेशी बनावटीचा आस होता आणि दोन्ही चाकांत विजेवर चालणारे ब्रेक होते. माल भरल्यावर ट्रेलरचे वजन सुमारे दीड टन होत असे. आधीच्या मेकॅनिकने स्टॉप लाइटच्या तारेवर एक रिले बसवून ब्रेक थेट बॅटरीला जोडून दिला होता. काशीमिऱ्याकडे जाताना मालकांनी पेडलवर हलका पाय ठेवला, तोच ट्रेलरचे डावे चाक जाम झाले आणि ट्रेलर आडवा होऊ लागला. बाजूला मोटारसायकल होती. ती थोडक्यात वाचली. मालकांनी त्याच दिवशी ब्रेकची तार कापून टाकली आणि तेव्हापासून ते ट्रेलर बिनब्रेकचा चालवत होते. "विजेचा ब्रेक आपल्या रस्त्यांसाठी नाही," असे त्यांचे मत झाले होते.

आमच्या मते दोष ब्रेकचा नव्हता, जोडणीचा होता. हाच घोटाळा इतरत्र होऊ नये म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. आमचे म्हणणे एवढेच, की कंट्रोलरचा डबा सर्वात शेवटी निवडायचा असतो. आधी ट्रेलर, मग गाडी, मग तार आणि त्यानंतर कंट्रोलर. हा क्रम उलटला की पैसाही जातो आणि कधी कधी जीवही जातो.

बिनब्रेकचा ट्रेलर म्हणजे काय?

एक साधा हिशेब करू. तुमची पिकअप मालासह 2500 किलोची आहे आणि तिचे ब्रेक तेवढ्याच वजनासाठी बनवले आहेत. मागे 1500 किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर जोडला. आता त्याच ब्रेकला 4000 किलो थांबवायचे आहेत. ताशी 50 कि.मी. वेगात जी गाडी जोराचा ब्रेक मारल्यावर सुमारे 19 मीटरमध्ये थांबत होती, तिला आता जवळपास 31 मीटर लागतील. ड्रायव्हरचा पाय पेडलवर जाईपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही. जास्तीच्या या 12 मीटरमध्ये तीन लहान मोटारी उभ्या राहतात.

घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात उतार आणि वळण एकत्र येतात. तेथे बिनब्रेकचा ट्रेलर गाडीला मागून ढकलतो. गाडी वळत असते आणि ट्रेलर सरळ जाऊ पाहतो. मग गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. उलट ट्रेलरचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागला तर त्याची चाके जाम होतात आणि ट्रेलर शेपटीसारखा हलतो. या दोन टोकांच्या मधले माप साधणे हेच कंट्रोलरचे काम आहे.

हा ब्रेक चालतो कसा?

ट्रेलरच्या चाकात नेहमीसारखा ड्रम आणि लायनर लावलेले ब्रेक शू असतात. फरक असा, की शू पसरवायला तेल किंवा हवा नसते, तर एका दांडीच्या टोकाला विजेचे मॅग्नेट असते. त्यात करंट गेला की ते फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटू पाहते. ड्रम त्याला आपल्याबरोबर थोडे ओढतो, दांडी हलते आणि शू ड्रमवर दाबले जातात. करंट जास्त तर पकड जास्त.

यावरून दोन गोष्टी समजतात. पहिली, करंट कमीजास्त करता आला पाहिजे. रिले फक्त चालू किंवा बंद करतो. म्हणून वरच्या प्रकरणात हलक्या पायालाही पूर्ण ब्रेक लागला. कंट्रोलर करंट अतिशय वेगाने चालू-बंद करून त्याचे सरासरी माप हवे तेवढे ठेवतो. दुसरी, या ब्रेकला पकड घेण्यासाठी चाक फिरावे लागते. त्यामुळे उभ्या ट्रेलरसाठी हा पार्किंग ब्रेक नव्हे. उभा करताना चाकांना अटकाव लावलाच पाहिजे.

पहिला प्रश्न : ट्रेलरला कोणता ब्रेक आहे?

ग्राहक "ब्रेकवाला ट्रेलर आहे" असे सांगून मोकळा होतो. कारागिराने मात्र चाकाजवळ वाकून पाहावे.

हवेच्या नळ्या आल्या असतील तर तो एअर ब्रेक. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनरचे मोठे ट्रेलर आपण घोडबंदर रस्त्यावर रोज पाहतो. त्यांचे ब्रेक हवेचे असतात आणि त्यांचा या कंट्रोलरशी संबंध नाही. पुढच्या दांड्यात सरकणारा भाग असेल आणि ट्रेलर पुढे ढकलला जाताच तारेने किंवा तेलाने ब्रेक लागत असेल, तर तो ढकलीवर चालणारा ब्रेक. त्यालाही कंट्रोलर लागत नाही. चाकाच्या मागच्या प्लेटमधून दोन विजेच्या तारा बाहेर येत असतील तर तो विजेचा ब्रेक. आणखी एक प्रकार आहे. त्यात ट्रेलरवर एक लहान पंप असतो. कंट्रोलरचा इशारा विजेने येतो आणि पुढचे काम तेल करते. या प्रकाराला प्रत्येक कंट्रोलर चालत नाही. डब्यावर किंवा माहितीपुस्तकात तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावा.

ट्रेलरला ब्रेकच नसेल तर किती वजनापासून तो बसवावा, असेही विचारले जाते. यासाठी ऑस्ट्रेलियातील नियम चांगला अंदाज देतो. तेथे एका आसाच्या ट्रेलरला भरलेल्या वजनाने 750 किलोपर्यंत ब्रेक नसला तरी चालतो. त्यापुढे 2000 किलोपर्यंत निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. 2000 किलोच्या वर सर्व चाकांना ब्रेक लागतो आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लागण्याची सोयही लागते. केटरिंगवाल्यांचा दीड टनाचा ट्रेलर या हिशेबाने कोठे बसतो, हे वाचकांनीच पाहावे.

दुसरा प्रश्न : किती ब्रेक, किती अँपिअर?

कंट्रोलरवर तो किती ब्रेक किंवा किती आस सांभाळतो ते लिहिलेले असते. एका आसाला दोन ब्रेक. 10 ते 12 इंची ड्रमच्या सामान्य ब्रेकमधील मॅग्नेट 12 व्होल्टवर सुमारे 3 अँपिअर घेते. म्हणजे एका आसाला 6, दोन आसांना 12 आणि तीन आसांना 18 अँपिअर. आज एका आसाचा ट्रेलर आहे आणि उद्या दोन आसांचा घ्यायचा विचार आहे, तर आजच चार ब्रेकचा कंट्रोलर घेणे फायद्याचे. जास्त क्षमतेचा कंट्रोलर कमी ब्रेकवर चालतो, उलट मात्र चालत नाही.

मॅग्नेट ठीक आहे की नाही हे मल्टीमीटरने कळते. प्लग काढून प्रत्येक मॅग्नेटच्या दोन तारांमधील रोध मोजावा. तो साधारण 3 ते 4 ओहम येतो. डाव्या-उजव्या आकड्यांत मोठा फरक नसावा. आकडा शून्याजवळ असेल तर कॉइल शॉर्ट आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली आहे.

तिसरा प्रश्न : गाडी 12 व्होल्टची की 24 व्होल्टची?

या प्रश्नाला आम्ही सर्वात जास्त महत्त्व देतो, कारण येथे झालेली चूक पुढे सुधारत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक विजेचे ब्रेक आणि कंट्रोलर 12 व्होल्टचे आहेत. लहान पिकअप गाड्या 12 व्होल्टच्या असतात, पण मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात.

4 ओहमच्या मॅग्नेटला 12 व्होल्ट दिले तर 3 अँपिअर करंट जातो आणि 36 वॅट उष्णता तयार होते. त्यालाच 24 व्होल्ट दिले तर 6 अँपिअर जातात आणि उष्णता 144 वॅट होते. व्होल्ट दुप्पट झाले, उष्णता चौपट झाली. घाटात दोन-चार वेळा ब्रेक दाबला की कॉइल जळते आणि खरी गरज पडते तेव्हा ब्रेक नसतो.

काही कारागीर यावर उपाय म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढतात. हे करू नये. एक बॅटरी उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर खराब होतात. योग्य मार्ग दोन आहेत. एक तर 24 व्होल्टसाठीच बनवलेला कंट्रोलर घ्यावा. तो आत किती व्होल्ट घेतो आणि ब्रेकला किती देतो, हे दोन्ही आकडे वाचावेत. नाही तर 24 चे 12 करणारा चांगला कन्व्हर्टर बसवावा. चार ब्रेकसाठी 12 अँपिअर सतत लागतात, म्हणून कन्व्हर्टर 20 अँपिअरचा असावा. आणखी एक गोष्ट विसरली जाते. अशा ट्रकच्या स्टॉप लाइटची तारही 24 व्होल्टची असते. ती 12 व्होल्टच्या कंट्रोलरला थेट जोडली तर कंट्रोलर जातो. मध्ये 24 व्होल्टच्या कॉइलचा रिले लावून कंट्रोलरला 12 व्होल्टचा इशारा द्यावा.

चौथा प्रश्न : कंट्रोलर कोणत्या जातीचा?

आता कुठे आपण कंट्रोलरवर आलो. ढोबळमानाने याच्या दोन जाती आहेत.

पहिली जात वेळेवर चालणारी. पेडल दाबले, स्टॉप लाइट लागला की हा कंट्रोलर आधी ठरवून ठेवलेला करंट हळूहळू वाढवत ट्रेलरला देतो. तुम्ही पेडल किती जोरात दाबले हे त्याला कळत नाही. वाहतुकीच्या कोंडीत हलका पाय ठेवला तरी तो तेवढाच ब्रेक लावतो, म्हणून हिसके बसतात. आणि समोर अचानक कोणी आले तर पूर्ण जोर येईपर्यंत उशीर होतो. किंमत कमी असते, बसवायला सोपा असतो. सपाट रस्त्यावर कधीमधी हलका ट्रेलर नेणाऱ्याला तो पुरतो.

दुसरी जात प्रमाणात चालणारी. यात गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे मोजणारा भाग असतो. गाडी हळू थांबली तर ट्रेलरला हलका ब्रेक, झटक्यात थांबली तर जोराचा ब्रेक. लायनर सारखे झिजतात आणि हिसके कमी बसतात. याच्या जुन्या प्रकारात लंबक असतो. गाडीचे तोंड उताराला लागले की लंबक पुढे झुकतो आणि ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागतो. चढावर तो कमी लागतो. असा डबा बसवताना तो समपातळीत ठेवावा लागतो. नव्या प्रकारात इलेक्ट्रॉनिक भाग असतो आणि पातळी तो स्वतः ठरवून घेतो. तरी किती कोनापर्यंत बसवता येतो हे पुस्तकात पाहावे. डबा हलणार नाही असा पक्का बसवावा. सैल डबा प्रत्येक खड्ड्याला ब्रेक समजतो.

अमेरिकेची टेकॉन्शा आणि ऑस्ट्रेलियाची रेडार्क या कंपन्या प्रमाणात चालणारे कंट्रोलर बनवतात. रेडार्कच्या एका प्रकारात मुख्य डबा डॅशबोर्डच्या आत लपतो आणि बाहेर फक्त बटण दिसते. दुसऱ्या काही कंट्रोलरमध्ये डबा ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ येतो. तेव्हा पाय लागणार नाही अशी जागा शोधावी.

एक जुना प्रकार ब्रेकच्या तेलाच्या नळीला जोड काढून दाबावर चालत असे. एबीएस असलेल्या आजच्या गाड्यांत तेलाच्या नळीला हात लावू नये. आमच्या मते हा प्रकार आता सोडूनच द्यावा.

रोज कोंडी, पूल आणि घाट यांतून जाणाऱ्या आमच्या भागातील धंदेवाल्याने प्रमाणात चालणाराच कंट्रोलर घ्यावा. दोन पैसे जास्त जातील, पण लायनर, टायर आणि माल यांत ते वसूल होतात.

जात कोणतीही असो, त्यावर हाताने ब्रेक लावण्याचा खटका किंवा बटण हवेच, आणि ते ड्रायव्हरच्या हाताच्या टप्प्यात हवे. ट्रेलर मागे डोलू लागला तर गाडीचा ब्रेक जोरात मारल्याने डोलणे वाढते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हलका लावला की ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. हे ड्रायव्हरला रिकाम्या रस्त्यावर आधी शिकवावे.

पाचवा प्रश्न : तार किती जाडीची?

चांगला कंट्रोलर घेऊन बारीक तार वापरणारे पुष्कळ. कॅबिनपासून ट्रेलरच्या चाकापर्यंत 12 मीटर तार धरली तर जाऊन येऊन 24 मीटर होते. एका आसाच्या दोन ब्रेकसाठी 1 चौरस मि.मी.ची तार वापरली तर 12 व्होल्टपैकी जेमतेम 9.7 व्होल्ट मॅग्नेटपर्यंत पोहोचतात. म्हणजे करंटचा जवळपास पाचवा हिस्सा कमी. तीच तार 4 चौरस मि.मी.ची असेल तर सव्वाअकरा व्होल्टच्या वर मिळतात. ब्रेकच्या तारेला आणि अर्थिंगच्या तारेला 4 चौरस मि.मी.पेक्षा कमी जाडी वापरू नये.

अर्थिंग हुकच्या गोळ्यावरून घेऊ नये. तेथे ग्रीस असते, गंज असतो आणि जोड हलत असतो. वेगळी तार ओढावी. आमच्या भागाला खाडी आणि समुद्र जवळ आहेत. खारट हवेत तांब्याचे जोड हिरवे पडतात. पिळलेल्या तारेवर फक्त टेप गुंडाळून भागत नाही. जोड दाबून किंवा सोल्डर करून त्यावर नळी चढवावी.

कंट्रोलरला साधारण चार तारा असतात. बॅटरीची, अर्थिंगची, स्टॉप लाइटच्या स्विचची आणि ब्रेककडे जाणारी. अमेरिकन पद्धतीत त्यांचे रंग अनुक्रमे काळा, पांढरा, लाल आणि निळा असतात. आपल्याकडे काळी तार म्हणजे अर्थिंग अशी सवय आहे. केवळ या सवयीमुळे नवा कंट्रोलर पहिल्याच दिवशी जळू शकतो. रंग न पाहता पुस्तक पाहावे. बॅटरीच्या तारेवर बॅटरीजवळच सर्किट ब्रेकर लावावा. चार ब्रेकपर्यंत 20 अँपिअरचा आणि त्यावर 30 अँपिअरचा सर्वसाधारणपणे सांगितला जातो.

सात पिनांचे सॉकेट सर्वत्र मिळते, पण कोणत्या पिनेवर ब्रेक हे सर्वत्र सारखे नसते. गाडीकडील आणि ट्रेलरकडील पिना मीटरने जुळवून घ्याव्यात आणि त्याचा नकाशा कागदावर काढून मालकाला द्यावा. नव्या गाड्यांत स्टॉप लाइटचा इशारा संगणकामार्फत जातो. तेथे तार कापून जोड घेऊ नये. त्या गाडीसाठी मिळणारी तयार जोडणी वापरावी.

ट्रेलर सुटला तर?

हुक तुटला तर कंट्रोलरची तारही तुटते. म्हणून ट्रेलरवर स्वतःची लहान 12 व्होल्टची बॅटरी आणि एक सुटण्याचा स्विच असतो. स्विचच्या खुंटीला बांधलेली दोरी गाडीला अडकवतात. ट्रेलर सुटला की खुंटी निघते आणि त्या बॅटरीवर ट्रेलरचे ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियातील नियमाप्रमाणे हा ब्रेक निदान 15 मिनिटे टिकला पाहिजे. दोरी साखळीला बांधू नये, गाडीच्या पक्क्या भागाला बांधावी. बॅटरी दर महिन्याला तपासावी. हा स्विच तपासताना सात पिनांचा प्लग आधी काढावा, नाही तर उलट करंट जाऊन कंट्रोलर बिघडू शकतो.

बसवल्यानंतरची जुळणी

कंट्रोलर बसवला म्हणजे काम संपले असे नाही. कोरड्या, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर ट्रेलर नेहमीच्या वजनाने भरून ताशी 40 कि.मी. वेगाने चालावे. हाताच्या खटक्याने ट्रेलरचा ब्रेक लावावा. चाके जाम होत असतील तर जोर कमी करावा, पकड जाणवत नसेल तर वाढवावा. चाके जाम होण्याच्या थोडे अलीकडे जोर ठेवावा. ट्रेलर रिकामा झाला की जोर पुन्हा कमी करावा. भरलेल्या ट्रेलरची जुळणी रिकाम्या ट्रेलरची चाके जाम करते. नवे लायनर बसल्यावर पहिल्या 300 कि.मी.नंतर आणि पुढे दर 5000 कि.मी.ला शू जुळवून घ्यावेत. लायनरला ग्रीस लागले असेल तर पुसून वापरू नये, बदलावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा 1988 मध्ये ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे आणि कलम 61 प्रमाणे ट्रेलरलाही नोंदणी लागते. गाडीच्या मूळ बनावटीत बदल करण्यावर कलम 52 चे बंधन आहे. तेव्हा हुक बसवण्याआधी आणि ट्रेलर बांधायला घेण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात चौकशी करून कागद पक्के करावेत. गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या कंपनीकडून लेखी घ्यावे. कंट्रोलर बसवल्याने गाडीची ताकद वाढत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वात आधी हेच कागद मागते.

त्या ट्रेलरचे काय झाले?

केटरिंगवाल्यांचा ट्रेलर आमच्यासमोरच तपासला गेला. गाडी 12 व्होल्टची निघाली, ते बरे झाले. ब्रेकच्या तारेत मीटर लावून करंट मोजला. दोन ब्रेकला 6 अँपिअर यायला हवे होते, आले 3. उजव्या चाकाचे मॅग्नेट तुटलेले होते. म्हणजे त्या दिवशी पूर्ण जोराचा ब्रेक फक्त डाव्या चाकाला लागला होता आणि म्हणूनच ट्रेलर आडवा झाला होता. येथे एक सूचना. चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर वापरायचा तर तो डी.सी. करंट मोजणारा हवा. साधा क्लॅम्प मीटर घरच्या विजेवरच चालतो.

मॅग्नेट बदलले, तार जाड घातली, रिले काढून प्रमाणात चालणारा कंट्रोलर बसवला. जुळणी करून मालक परत आले आणि म्हणाले, "मागे ट्रेलर आहे हेच जाणवत नाही." चांगल्या जुळणीची खूण हीच.

कारागिरांना चार शब्द

आमच्या कारागीर बांधवांच्या हातात हुनर आहे. उस्तादाकडून शागीर्दाकडे ते पिढ्यान्‌पिढ्या येते. मात्र या कामात डोळ्याच्या अंदाजावर भागत नाही, मीटर लागतो. प्रत्येक कामाचा एक कागद ठेवावा. ट्रेलरचे वजन, ब्रेकची संख्या, गाडीचे व्होल्ट, प्रत्येक मॅग्नेटचे ओहम, पूर्ण ब्रेकला आलेले अँपिअर, तारेची जाडी आणि जुळणीची तारीख त्यावर लिहावी. एक प्रत ग्राहकाला द्यावी. सहा महिन्यांनी ट्रेलर परत आला तर काय बदलले ते लगेच कळेल, आणि ग्राहक दुसऱ्या दुकानात जाणार नाही.

आणि ग्राहक "स्वस्तात काहीतरी जोडून द्या" म्हणाला तर? त्याला वरचा 19 आणि 31 मीटरचा हिशेब सांगावा. तरीही तो रिलेच मागत असेल तर ते काम नाकारावे. एका दिवसाची मजुरी जाईल. पण त्या ट्रेलरच्या पुढे-मागे चालणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव आपल्या हातच्या कामावर अमानत म्हणून सोपवलेला असतो, हे विसरून चालणार नाही.